जिमीचे तीन डबे

गॅदरिंगच्या आधी आमच्या रूमवर तीन रात्री एकच वाद : बँडसाठी छोटा प्रोग्रॅमेबल मिक्सर घ्यायचा की नाही? पायाने स्विच दाबला की गाण्यागणिक प्रत्येक इफेक्टची लेव्हल आपोआप जागेवर येते. मेसचं बिल थकलेलं असताना ही चैन! वाद काही मिटला नाही, पण त्यात सारखं नाव निघत होतं जिमी हेन्ड्रिक्सचं. त्याच्याकडे कुठे होता असला मिक्सर?

जिमी २७ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिकेत सिएटलला जन्मला. घरची गरिबी. १९५७ मध्ये वडिलांबरोबर एका घरातला कचरा उपसताना त्याला एकच तार उरलेली युकुलेली सापडली, तीच पहिली. पुढच्या वर्षी पाच डॉलरची जुनी गिटार. गडी डावखुरा, म्हणून पुढे उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा फिरवून वाजवायचा. मध्ये थोडे दिवस सैन्यात, मग लिटल रिचर्डसारख्यांच्या मागे उभं राहून साथ. सप्टेंबर १९६६ मध्ये चास चँडलर त्याला लंडनला घेऊन गेला आणि गाडी सुटली.

लंडनमध्ये त्याला रॉजर मेयर भेटला. हा ब्रिटिश नौदलाच्या संशोधन खात्यातला इलेक्ट्रॉनिक्सवाला, म्हणजे आपल्यातलाच! त्याने बनवलेला ऑक्टेव्हिया म्हणजे आपण शिकतो तेच फुल-वेव्ह रेक्टिफिकेशन : फ्रिक्वेन्सी दुप्पट, सूर एक सप्तक वर. 'पर्पल हेझ'च्या सोलोत ऐका.

१८ ऑगस्ट १९६९ ला सकाळी वुडस्टॉकला मात्र जिमीच्या पायाशी मोजून तीन डबे होते : वाह पेडल, फझ फेस आणि युनि-व्हाइब. पुढे मार्शल अँप. मेमरी शून्य. पण फझ फेसचा इनपुट इम्पिडन्स इतका कमी, की गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब जरा मागे घेतला की गुरगुरणारा आवाज स्वच्छ होतो. जिमी हे चालू गाण्यात करंगळीसरशी करायचा. त्याचा मिक्सर तो नॉबच!

स्टुडिओत मात्र हे चालेना. १९६७ मध्ये 'ॲक्सिस'चं मिक्सिंग झालं आणि पहिल्या बाजूची मास्टर टेप जिमी टॅक्सीत विसरला. झाली का पंचाईत! सेटिंग कुठेच साठवलेलं नाही. एका रात्रीत सगळं पुन्हा मिक्स केलं, पण एक गाणं काही केल्या तसं जमेना. शेवटी बासवाल्या नोएल रेडिंगकडची चुरगळलेली टेप इस्त्री करून वापरली. (हे वाचल्यावर आमच्या रूमवर मिक्सरच्या बाजूने एक मत वाढलं.)

पुढे त्याला स्वतःचा स्टुडिओ हवासा झाला. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये काम काढलं तर खालून जुन्या ओढ्याचं पाणी वर यायला लागलं, पंप बसवावे लागले. सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी. पैसा आटला, तो उभा करायला दौरे करावे लागले. अखेर २६ ऑगस्ट १९७० ला 'इलेक्ट्रिक लेडी'चं उद्घाटन झालं. जिमी लगेच युरोपच्या दौऱ्यावर निघाला आणि १८ सप्टेंबरला लंडनमध्ये गेला. वय सत्तावीस.

अर्धवट राहिलेल्या टेप्स इंजिनियर एडी क्रेमर आणि ड्रमर मिच मिचेल यांनी त्याच स्टुडिओत बसून मिक्स केल्या. रेकॉर्ड १९७१ मध्ये निघाली. आमच्या रूमवर सध्या तीच चालू असते.