विश्लेषण : शिकवण्याआधी आंघोळ, जेवण आणि झोप… मार्गारेट मॅकमिलन यांची मोकळ्या हवेतील बालशाळा कशी उभी राहिली?

लहान मुलांच्या शाळेत हात-तोंड धुण्याची सोय, गरम जेवण, दुपारची झोप आणि अधूनमधून डॉक्टरांची तपासणी असावी, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये मात्र शाळेचे काम शिकवण्याचे, मुलाला धुण्याचे नव्हे, असाच समज होता. तो बदलण्यासाठी मार्गारेट मॅकमिलन यांनी जवळपास चार दशके खर्च केली.

मार्गारेट मॅकमिलन कोण होत्या?

स्कॉटलंडहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबात, न्यूयॉर्कजवळ, २० जुलै १८६० रोजी मार्गारेट यांचा जन्म झाला. १८६५ मध्ये वडील आणि सर्वात धाकटी बहीण एकापाठोपाठ एक दगावली. मार्गारेट यांनाही ‘स्कार्लेट फीव्हर’ने गाठले. त्या वाचल्या, पण ऐकू येणे बंद झाले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी ते परत आले. आई दोन मुलींना घेऊन स्कॉटलंडमधील इनव्हरनेस या माहेरच्या गावी परतली. पुढे मार्गारेट यांनी श्रीमंतांच्या मुलींना घरी शिकवण्याची नोकरी केली, युरोपात भाषा शिकल्या. थोरली बहीण रेचेल लंडनमध्ये होती. १८८८ मध्ये मार्गारेट तिच्याकडे गेल्या आणि दोघी समाजवादी चळवळीत ओढल्या गेल्या. पुढच्याच वर्षी झालेल्या गोदी कामगारांच्या संपात दोघींनी मदत केली.

ब्रॅडफर्डमध्ये काय दिसले?

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बहिणी उत्तर इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात राहायला गेल्या. तेथील अनेक मुले अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत असत. वर्गात आली की बाकावरच पेंगत. १८९४ मध्ये मार्गारेट स्कूल बोर्डावर निवडून आल्या. बोर्डाचे वैद्यकीय अधिकारी जेम्स केर यांच्यासोबत त्यांनी मुलांची प्रकृती पाहायला सुरुवात केली. किडलेले दात, डोक्यात उवा, वाहणारे कान, नाकाच्या मागे वाढलेल्या गाठींमुळे तोंडाने श्वास घेणारी मुले. काहींच्या अंगावरचे कपडे तर महिनोन्‌महिने उतरलेलेच नव्हते, कारण थंडीपासून बचाव म्हणून आया ते अंगावरच शिवून टाकत.

त्यावर मार्गारेट यांनी शाळेतच न्हाणीघर बांधण्याची मागणी लावून धरली. हा खर्च शिक्षणाचा नव्हे, असे म्हणणारे बोर्डात कमी नव्हते. तरीही त्या दशकाच्या अखेरीस वॉपिंग रोड शाळेत न्हाणीघर उभे राहिले. १९०२ च्या कायद्याने स्कूल बोर्डच रद्द झाली. शिक्षण नगर परिषदांकडे गेले आणि परिषदेवर निवडून येण्याचा हक्क स्त्रियांना नव्हता. आठ वर्षांचे काम अर्धवट ठेवून मार्गारेट दक्षिणेला परतल्या. रेचेल तेव्हा केंट परगण्यात गावोगाव फिरून आरोग्याचे धडे देत होत्या.

तपासणी झाली, उपचारांचे काय?

मार्गारेट आणि त्यांच्यासारख्या अनेकांच्या रेट्यामुळे १९०६ मध्ये शालेय जेवणाचा आणि १९०७ मध्ये शाळेतील वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. दुसऱ्या कायद्यात मोठी फट होती. तपासणी सक्तीची होती, उपचार नव्हे. मुलाचा कान फुटला आहे एवढे कागदावर नोंदवून काम संपत असे. म्हणून १९०८ मध्ये बहिणींनी पूर्व लंडनच्या बो भागात शाळकरी मुलांसाठी दवाखाना उघडला. १९१० मध्ये टेम्स नदीकाठच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत दुसरा सुरू झाला. पैसा दिला जोसेफ फेल्स या अमेरिकी साबण कारखानदाराने. या कामाला इतका साजेसा देणगीदार शोधूनही सापडला नसता.

दवाखाना असूनही बालशाळा कशासाठी?

मार्गारेट यांच्या कामाचा खरा गाभा येथे आहे. डेप्टफर्डच्या दवाखान्यात मुले बरी होत आणि काही आठवड्यांनी तीच मुले तोच आजार घेऊन परत येत. खरूज बरी झालेले मूल रात्री पुन्हा त्याच मळक्या अंथरुणात, चार भावंडांच्या मध्ये झोपत होते. औषधाला यश येत होते आणि घराची खोली ते खोडून काढत होती. दवाखाना कितीही चांगला चालला तरी हे चक्र थांबणार नाही, हे दोघींनी ओळखले.

पहिला उपाय रात्रीचा. १९११ मध्ये दवाखान्यामागच्या बागेत मुलींसाठी छावणी सुरू झाली. मुली संध्याकाळी येत, आंघोळ करत, उघड्या छपराखाली स्वच्छ अंथरुणात झोपत आणि सकाळी शाळेत जात. त्यांचा खोकला कमी झाला, वजन वाढले. मग प्रश्न उरला तो त्यांच्या धाकट्या भावंडांचा. पाच वर्षांच्या मुलात दिसणारे बहुतेक दोष टाळता येण्याजोगे होते, पण तोवर त्या मुलांकडे कोणी पाहतच नव्हते. मार्च १९१४ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मोकळ्या हवेतील बालशाळा सुरू झाली.

शाळेचा दिवस कसा असे?

इमारत अशी नव्हतीच. बागेभोवती लाकडी शेड होत्या, एक बाजू उघडी. मुले सकाळी लवकर येत, संध्याकाळी घरी जात. आल्यावर आधी आंघोळ, मग नाश्ता. दुपारी जेवण, त्यानंतर छोट्या खाटांवर उघड्यावर झोप, जाण्यापूर्वी पुन्हा खाणे. प्रत्येक शेडला स्वतःचे न्हाणीघर होते. त्यामुळे मुलांचे गट वेगळे राहत आणि गोवर किंवा खोकल्याची साथ सगळ्या शाळेत पसरण्याचा धोका कमी होई.

मुडदूस झालेली, वाकड्या पायांची मुले डेप्टफर्डमध्ये गल्लोगल्ली होती. ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागायला अजून काही वर्षे होती, पण ऊन, हवा आणि पोटभर अन्न मिळाले की ही मुले सरळ चालू लागतात, हे या बागेत रोज दिसत होते.

स्वच्छतेचा एवढा आग्रह असला तरी मुलांना जपून एका जागी बसवून ठेवणे मार्गारेट यांना मान्य नव्हते. बागेत पायऱ्या, दगड, खडबडीत वाटा आणि उकरायला टाकाऊ वस्तूंचा ढीगही होता. पडण्या-चढण्यातून तोल सांभाळणे शिकावे, ही त्यामागची दृष्टी. आजच्या रबरी फरशीच्या बालवाड्यांनी याचा विचार करायला हरकत नाही.

सरकारने काय केले?

बालशाळेला काही महिने होताहेत तोच महायुद्ध सुरू झाले. दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणाऱ्या आयांमुळे मुले वाढली, हवाई हल्ल्यांत शेडचे नुकसान झाले. २५ मार्च १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशीच, रेचेल यांचे निधन झाले. शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. सगळे श्रेय रेचेल यांचेच, असे मार्गारेट अखेरपर्यंत सांगत राहिल्या. १९२७ मध्ये त्यांनी लिहिलेले बहिणीचे चरित्र प्रत्यक्षात दोघींचे आहे.

१९१८ च्या शिक्षण कायद्याने स्थानिक संस्थांना बालशाळा काढण्याची मुभा दिली, पण सक्ती केली नाही. काही वर्षांतच सरकारी खर्चकपात आली आणि बालशाळा मोजक्याच राहिल्या. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नर्सरी स्कूल असोसिएशनच्या पहिल्या अध्यक्ष मार्गारेट होत्या. लहान मुलांना सांभाळायला कोणीही चालते, हे मत त्यांना अजिबात मान्य नव्हते. शिक्षिकेचे प्रशिक्षण तीन वर्षांचे हवे, असा त्यांचा हट्ट होता. त्यासाठीचे महाविद्यालय रेचेल यांच्याच नावाने डेप्टफर्डमध्ये उभे राहिले आणि मे १९३० मध्ये राणी मेरी यांनी त्याचे उद्घाटन केले. मार्गारेट यांना त्यानंतर एक वर्षही मिळाले नाही. मार्च १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले.