सर रतन टाटांचा संग्रह आणि त्याचे वारस

रतन टाटा हे नाव उच्चारले की २०२४ साली निवर्तलेले उद्योगपती डोळ्यांपुढे येतात. त्यांचे दत्तक आजोबा, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा, यांची आठवण मात्र विरळ झाली आहे. वास्तविक, वारशाने आलेल्या संपत्तीचे काय करावे, या प्रश्नाला या गृहस्थाने आपल्या सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात दिलेले उत्तर आजही विचार करण्याजोगे आहे. आर्णीसारख्या कापसाच्या मुलुखातील गावाने तर तो विचार अवश्य करावा.

सर रतन यांचा जन्म २० जानेवारी १८७१ चा. त्यांच्या वाट्यास आलेले धन कोठून आले होते? आजोबा नसरवानजी आणि वडील जमशेटजी यांचा व्यापार चीनशी होता. या व्यापारात येथून कापूस जात असे आणि अफूही जात असे. हे लपविण्याचे कारण नाही. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबई सोडून जमशेटजी नागपुरास आले, कारण कापूस पिकविणारा प्रदेश तेथून जवळ होता. यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि वऱ्हाडच्या त्या कापूसपट्ट्यातच मोडत असे. गिरणीत सूत निघू लागले. परंतु ते चीन-जपानकडे नेणाऱ्या बोटींवर पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीची पकड होती. ती मोडण्यासाठी १८९० नंतरच्या काही वर्षांत जमशेटजींनी एका जपानी कंपनीशी हातमिळवणी करून टाटा लाइन नावाने स्वतःची जहाजवाहतूक उभारली. ब्रिटिश कंपनीने भाडी इतकी उतरविली की टाटांच्या बोटींना माल मिळेना आणि तो धंदा आवरता घ्यावा लागला. कापूस, गिरणी आणि समुद्र यांच्या या उलाढालीत घडलेले घर सर रतन यांना जन्मतःच लाभले होते.

१९०४ साली जमशेटजी निवर्तले. विज्ञानसंस्थेसाठी संपत्तीचा मोठा भाग द्यावा, ही त्यांची इच्छा दोराबजी व रतन या दोघा पुत्रांनी मोडली नाही. बंगळूरची संस्था १९०९ साली स्थापन झाली. धाकट्या भावाचा ओढा मात्र कारखान्यापेक्षा कलेकडे अधिक होता. चिनी जेडच्या वस्तू व चिनी मातीची भांडी, जपानी कारागिरीचे नमुने, युरोपीय चित्रे यांचा मोठा संग्रह त्यांनी जमविला. १९०६ साली लंडनजवळ ट्विकनहॅम येथील यॉर्क हाउस हा वाडा त्यांनी फ्रान्सच्या राजघराण्यातील एका ड्यूककडून विकत घेतला आणि त्याच्या बागेत इटालियन संगमरवराचे पुतळे बसविले. एवढ्यावरच त्यांचे चरित्र संपते, तर एक हौशी श्रीमंत यापलीकडे त्यांची नोंद घेण्याचे कारण उरले नसते.

परंतु याच माणसाने १९०९ पासून दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्यास एकंदर सव्वा लाख रुपये दिले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजास त्यांनी मदत केली. पाटलिपुत्राच्या उत्खननाचा खर्च उचलला. मौर्यांच्या स्तंभयुक्त सभागृहाचे अवशेष त्या खोदकामात हाती लागले. दारिद्र्याच्या कारणांचा शास्त्रीय अभ्यास व्हावा म्हणून १९१२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला त्यांनी अर्थसाहाय्य दिले. साम्राज्याच्या राजधानीजवळ वाडा बाळगणारा, १९१६ साली सर ही पदवी स्वीकारणारा हा मनुष्य साम्राज्यातील अन्यायाविरुद्धच्या सत्याग्रहास पैसा पुरवीत होता. ही विसंगती खरी. परंतु तिच्यातच त्यांचे मोठेपण आहे.

५ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडमधील सेंट आयव्ह्ज येथे त्यांचा अंत झाला. त्यांना अपत्य नव्हते; पत्नी नवाजबाईंनी पुढे नवल यांस दत्तक घेतले. संपत्तीतून १९१९ साली सर रतन टाटा न्यास उभा राहिला. संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या हवाली झाला. महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून वापरात असलेली ती वास्तू १० जानेवारी १९२२ रोजी लोकांसाठी खुली झाली. दोराबजींचा संग्रहही १९३३ साली तेथेच आला. १९९८ पासून ती संस्था छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाते. खासगी दिवाणखान्यातील वस्तू अशा रीतीने सार्वजनिक झाल्या आणि त्यांचे वारस आपण सर्व झालो.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. आर्णीहून मुंबई सुमारे सातशे किलोमीटर. अरुणावतीच्या काठच्या शाळेत शिकणाऱ्या, कपाशीच्या उत्पन्नावर घर चालविणाऱ्या कुटुंबातील मुलाने तो जेडचा पेला कधी पाहावा? कागदावर तो वारस आहे; प्रत्यक्षात त्याला आपल्या वारशाचा पत्ताही नाही. भाकरीची भ्रांत असलेल्यांस चित्रांचे काय, असे कोणी म्हणेल. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यात हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. परंतु सर रतन यांनी दारिद्र्याचा अभ्यास आणि कलेचा संग्रह यांत एकाची निवड केली नाही. दोन्हींसाठी पैसा ठेवला. गरिबाच्या मुलाला केवळ भाकरीच हवी असते, हे त्याच्या वतीने ठरविण्याचा अधिकार कोणासही नाही.

सर रतन यांच्या पश्चात यॉर्क हाउस १९२४ साली ट्विकनहॅमच्या नगरसंस्थेने विकत घेतले. त्या बागेतील पुतळ्यांजवळ आज सामान्य नागरिक फिरावयास जातो. मुंबईच्या संग्रहालयानेही आपली फिरती प्रदर्शनगाडी शाळांच्या दारी नेण्यास प्रारंभ केला, हे स्वागतार्ह आहे. पण गाडी येते आणि जाते. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी वाचनालयास लागून एक सुरक्षित दालन असावे आणि मोठ्या संग्रहालयांतील काही वस्तू ठरावीक मुदतीने तेथे फिरत्या राहाव्यात, ही मागणी अवाजवी नाही. आर्णीच्या नगर परिषदेने ती प्रथम करावी. या मुलुखातील कापसावर गिरण्या चालल्या, जहाजे भरली, वाडे उठले. त्या धनातून उभा राहिलेला संग्रह पाहण्याची सोय मागणे म्हणजे कोणापुढे हात पसरणे नव्हे. मृत्युपत्राने दिलेला वाटा हक्काने मागणे होय.