नापास वेल्स आणि त्याचे शिपाई

आमच्या विंगमध्ये रात्री मेसचं जेवण उरकलं की 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा अड्डा जमतो. कुणी योद्धा, कुणी जादूगार. एक जण गोष्ट सांगतो आणि अडलं की फासे टाकायचे. हा खेळ आला कुठून हे शोधता शोधता मी पोहोचले थेट एच. जी. वेल्सपर्यंत! 'टाइम मशीन' आणि 'इनव्हिजिबल मॅन'वाला हा माणूस घरी जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून लढाया करायचा, हे मला शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं.

हर्बर्टचा जन्म 21 सप्टेंबर 1866चा, इंग्लंडमधल्या ब्रॉमलीचा. वडिलांचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान जेमतेम चालायचं. लहानपणी पाय मोडून तो अंथरुणाला खिळला आणि तिथेच वाचनाचं वेड लागलं. पुढे पैशांअभावी त्याला कापडाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. त्यातून सुटून 1884 मध्ये स्कॉलरशिपवर तो लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये आला. शिकवायला साक्षात थॉमस हक्सली! पण पुढे अभ्यासातून लक्ष उडालं. वादविवाद चालू, कॉलेजचं मासिक चालू, आणि 1887 मध्ये साहेब जिऑलॉजीत चक्क नापास! बी.एस्सी. पदरात पडायला 1890 उजाडलं.

नाव झाल्यावरही त्याचं खेळणं सुटलं नाही. 1913 मध्ये त्याने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक काढलं. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांसाठी फासे आणि पंच असलेला युद्धाचा खेळ 1824 पासून होता, पण तो ट्रेनिंगचा भाग. वेल्सचा खेळ घरातला. पायदळाने एका चालीत एक फूट जायचं, घोडदळाने दोन. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळा उडवायचा. लागला तो शिपाई मेला. हा खेळ 12 ते 150 वर्षांच्या मुलग्यांसाठी आणि मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या जरा हुशार मुलींसाठी, असं त्याने पुस्तकाच्या नावातच घातलंय. 'जरा हुशार' म्हणे! असो.

गंमत पुस्तकाच्या शेवटी संपते. खरं युद्ध किती महागडा मूर्खपणा आहे हे कळायला हा खेळ खेळून बघा, असं तो सुचवतो. आणि पुढच्याच वर्षी, 1914 मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलं. हे युद्ध सगळी युद्धं संपवेल या आशेने वेल्सने स्वतःच त्याची बाजू घेतली. तसं काही झालं नाही. त्याच वर्षी त्याने एका कादंबरीत अणुबॉम्बची कल्पना केली होती. 1945 मध्ये हिरोशिमाची बातमी ऐकायला तो जिवंत होता. 13 ऑगस्ट 1946 ला तो गेला.

लढायांचा छंद मात्र उरला. अमेरिकेत तोच छंद असलेल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अख्ख्या फौजेऐवजी प्रत्येकाला एकेक पात्र दिलं, आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' जन्मला. 'लिटल वॉर्स'च्या 2004 च्या आवृत्तीला प्रस्तावना गायगॅक्सचीच आहे.

वेल्सला एकही युद्ध थांबवता आलं नाही. पण आमच्या अड्ड्यावर रोज रात्री कुणीतरी मरतं आणि सकाळी पहिल्या लेक्चरला जांभया देत हजर असतं. त्याला हेच तर हवं होतं!

आणि केटीवाल्यांनो, एक सांगायचं राहिलं. 'टाइम मशीन'चं बीज असलेली त्याची कथा 1888 मध्ये पहिल्यांदा छापली ती त्याच कॉलेजच्या मासिकाने. लिहा!