ओमाहांच्या डॉक्टर सुझन

अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का नावाचे राज्य आहे. तेथे मिसुरी नदीच्या काठी ओमाहा नावाची जमात राहते. हे लोक अमेरिकेचे मूळ रहिवासी. शिकार आणि मक्याची शेती यांवर त्यांची गुजराण चाले. पुढे पूर्वेकडून गोऱ्या लोकांच्या वसाहती पसरत आल्या. १८५४ मध्ये करार झाला. ओमाहांची बहुतेक जमीन सरकारकडे गेली आणि त्यांच्यासाठी एक राखीव प्रदेश ठरवून देण्यात आला. तेथे सरकारने डॉक्टरही नेमला. पण डॉक्टर नेमणे वेगळे आणि डॉक्टर घरी येणे वेगळे!

याच प्रदेशात १७ जून १८६५ रोजी सुझन ला फ्लेश यांचा जन्म झाला. वडील जोसेफ हे जमातीचे सरदार होते. काळ बदलला आहे, आता टिकायचे तर मुलांनी शिकलेच पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. यात त्यांनी मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. चार बहिणींमध्ये सुझन सर्वांत धाकटी.

सुझन आठ वर्षांची असतानाची गोष्ट. एक म्हातारी बाई फार आजारी होती. सुझन तिच्या उशाशी बसली होती. सरकारी डॉक्टरला निरोप गेला. येतो, असे उत्तर आले. पण तो आला नाही. दुसरा निरोप गेला, तिसरा गेला, चौथाही गेला. दर वेळी तेच उत्तर. पहाट होण्यापूर्वी म्हातारीने प्राण सोडला. डॉक्टर आलाच नाही. मरणारी बाई गोऱ्या माणसाच्या घरची असती, तर तो आला असता, हे त्या लहान मुलीला त्या रात्री कळले. ही गोष्ट ती कधीच विसरली नाही.

घरापासून शेकडो मैल दूर, व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन येथे सुझनने शिक्षण घेतले. तिथून १८८६ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. तिच्या खर्चाचा भार काही अमेरिकन महिलांच्या संस्थेने उचलला. मुलांनो, या महाविद्यालयाचे नाव आपल्याला परके नाही. आपल्या आनंदीबाई जोशी याच महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या. म्हणजे आनंदीबाई ज्या वर्षी बाहेर पडल्या, त्याच वर्षी सुझन आत आली. हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. आनंदीबाईंना मात्र आयुष्याने साथ दिली नाही. स्वदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. जे काम त्यांना करायचे होते, ते करण्याची संधी सुझनला मिळाली.

मार्च १८८९ मध्ये ३६ विद्यार्थिनींच्या वर्गात पहिला क्रमांक मिळवून सुझन डॉक्टर झाल्या. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या स्त्री. मोठ्या शहरात राहून त्यांना सुखाने दवाखाना चालवता आला असता. पण त्या आपल्या माणसांत परत आल्या.

तेथे काम किती होते, याची कल्पना करा. रोगी १२०० हून अधिक आणि प्रदेश सुमारे ४५० चौरस मैलांचा. एवढ्या सगळ्यांसाठी डॉक्टर एकच. धड रस्ते नव्हते. हिवाळ्यात सगळीकडे बर्फच बर्फ. सुरुवातीला त्या घोड्यावर बसून जात; पण हिसक्यांनी पिशवीतल्या औषधाच्या बाटल्या आणि तापमापक फुटत. शेवटी त्यांनी घोडागाडी घेतली. क्षय, खोकला, डोळे येणे, हगवण अशा रोगांनी घरेच्या घरे पछाडलेली होती. बोलावणे आले की रात्र असो, वादळ असो, डॉ. सुझन निघत. दुभाषाची गरज नव्हती. त्या रोग्याशी त्याच्याच भाषेत बोलत. त्यामुळे लोक औषधाशिवाय इतर कामांसाठीही त्यांच्याकडे येऊ लागले. कोणाला पत्र वाचून हवे असे, कोणाला सरकारी कागद समजावून हवा असे. रात्री-अपरात्री येणाऱ्याला घर सापडावे म्हणून त्या दिवा लावून ठेवत, असे सांगतात.

चार वर्षांत त्यांचे शरीर थकले. आईही आजारी होती. १८९३ मध्ये त्यांना सरकारी नोकरी सोडावी लागली. पुढच्या वर्षी हेन्री पिकॉट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे झाले. बॅन्क्रॉफ्ट गावी त्यांनी स्वतःचा दवाखाना सुरू केला. मुले लहान असताना कधी कधी त्यांना गाडीत घेऊनच त्या रोग्यांकडे जात.

दारूच्या व्यसनाने ओमाहांचे संसार मोडत होते. डॉ. सुझन गावोगावी दारूविरुद्ध बोलत, सरकारला पत्रे लिहीत. पण त्यांच्या स्वतःच्या घरातही हाच शत्रू शिरला होता. हेन्री दारूच्या आहारी गेले होते. त्यांना क्षयही झाला आणि १९०५ मध्ये ते वारले. बाहेर दुसऱ्यांना सावध करायचे आणि घरात आपलेच माणूस हातचे जाताना पाहायचे, ही केवढी कठीण परीक्षा! तरीही त्यांनी लढा सोडला नाही. नंतर त्या वॉल्टहिल या गावी राहू लागल्या. एकाच भांड्याने सर्वांनी पाणी पिऊ नये, खिडक्यांना जाळ्या लावाव्यात, माश्या माराव्यात, असे त्या घरोघर सांगत. १९१० मध्ये जमातीचे शिष्टमंडळ घेऊन त्या वॉशिंग्टनला गेल्या. आपल्या जमिनींचा कारभार ओमाहांच्या हाती यावा, अशी त्यांची मागणी होती.

एक इच्छा मात्र अनेक वर्षे मनात होती. आपल्या लोकांसाठी स्वतःचे रुग्णालय हवे. सरकारचा एक पैसाही न घेता, देणग्या गोळा करून त्यांनी ते उभारले. जानेवारी १९१३ मध्ये वॉल्टहिलला रुग्णालय सुरू झाले. रोग्यांना भरपूर हवा आणि ऊन मिळावे, म्हणून त्याला मोठा व्हरांडा ठेवला होता. तेथे ओमाहांवर उपचार होत आणि गोऱ्यांवरही.

तोवर त्या स्वतःच आजारी होत्या. कानाच्या जुन्या दुखण्याने त्यांना ऐकू येईनासे झाले होते. पुढे रोग हाडांपर्यंत पोचला. १८ सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५०व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी शेवटची प्रार्थना जमातीतील एका वृद्धाने ओमाहा भाषेत म्हटली. रुग्णालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. १९९३ मध्ये अमेरिकन सरकारने त्या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून मान्यता दिली.