चार्ल्स डिकन्स

चार्ल्स डिकन्स (७ फेब्रुवारी १८१२ – ९ जून १८७०) हे थोर इंग्रज कादंबरीकार होत. १८२४ मध्ये त्यांचे वडील जॉन यांना कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकण्यात आले. पुढे आईही धाकट्या मुलांसह तेथेच राहावयास गेली. बारा वर्षांचे चार्ल्स मात्र बाहेर राहून बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा-सात शिलिंगांवर डब्यांना चिठ्ठ्या चिकटवीत. तुरुंगाजवळ खोली मिळाल्यावर निदान न्याहारी तरी त्यांना कुटुंबासोबत तुरुंगात घेता येऊ लागली. सुमारे तीन महिन्यांनी वडील सुटले, पण मुलाचे काम चालूच राहिले. अखेर वडिलांनी ते सोडविले, तेव्हा आई त्यांना पुन्हा तेथेच धाडू पाहत होती. तुरुंगापेक्षा हेच शल्य अधिक खोल असावे. ही हकीकत वाचकांना त्यांच्या मृत्यूनंतर, जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून कळली. ‘लिटल डॉरिट’ (१८५५–५७) या कादंबरीची नायिका याच मार्शलसीत जन्मते.