शब्द आणि शिल्प : डॉ. वासुदेवशरण अग्रवाल

ग्रंथ लिहावा तो विद्वानांसाठी आणि संग्रहालयाच्या दालनात बोलावे ते सामान्य प्रेक्षकांसाठी, अशी एक वाटणी आपल्या विद्यापीठीय जगाने मनाशी करून टाकलेली आहे. ही वाटणी ज्यांच्या चरित्राने खोटी ठरविली, अशा अभ्यासकांत डॉ. वासुदेवशरण अग्रवाल यांचे नाव अग्रभागी येते. साहित्याचे अभ्यासक त्यांना पाणिनी, बाण आणि जायसी यांचे मर्मज्ञ म्हणून ओळखतात. परंतु हा मर्मज्ञ वस्तुसंग्रहालयात घडला, ही गोष्ट क्वचितच ध्यानात घेतली जाते.

अग्रवालांचा जन्म १९०४ साली तत्कालीन मेरठ जिल्ह्यातील खेडा या गावी झाला. लखनौ विद्यापीठातून ते १९२९ साली एम. ए. झाले. डॉ. राधाकुमुद मुखर्जी यांचे मार्गदर्शन त्यांना तेथे लाभले, आणि पाणिनीच्या अष्टाध्यायीतून तत्कालीन समाजाचे चित्र उभे करण्याचा संकल्प त्याच वातावरणात रुजला. १९३१ साली ते मथुरेच्या संग्रहालयाचे अभिरक्षक झाले. एफ. एस. ग्राउझ यांनी १८७४ साली सुरू केलेल्या या संग्रहालयाला जे. पी. एच. फोगेल यांची १९१० सालची शास्त्रशुद्ध सूची लाभली होती. कुषाणकालीन शिल्पांचा असा समृद्ध संग्रह अन्यत्र क्वचितच आढळेल.

मथुरा हे तीर्थक्षेत्र. मूर्तीपुढे उभे राहताच यात्रेकरूचे हात जोडले जातात. पुरातत्त्वज्ञ तिच्यापुढे कालगणना मांडतो, आणि तीही बहुधा इंग्रजी परिभाषेत. एकाच शिल्पापुढे उभ्या असलेल्या या दोघांना परस्परांशी बोलण्यासाठी समान शब्द नव्हते. अग्रवालांनी आपले काम येथे ओळखले. वस्तूला तिचे मूळचे नाव परत मिळवून दिले, तर ती विद्वानाला आणि यात्रेकरूलाही आपली वाटेल, ही त्यांची श्रद्धा होती. वेलबुट्टीतील कलश हा केवळ अलंकरण न राहता पूर्णघट ठरला. वृक्षाची फांदी धरून उभी असलेली स्त्री शालभंजिका म्हणून बोलू लागली. ही नावे कल्पनेने बसविलेली नव्हती. वेद, महाकाव्ये, पुराणे, जैन-बौद्ध आगम आणि व्रजभूमीतील चालती बोली असे शोधक्षेत्र त्यांनी त्यासाठी पालथे घातले. सूचीलेखन विद्वत्पत्रिकांत इंग्रजीतून होत राहिले. परंतु त्याच्या जोडीने सामान्य वाचकासाठी हिंदीतून त्यांनी जे विपुल लेखन केले, त्याची योग्यता तिळमात्र कमी नाही.

१९४० साली ते लखनौच्या प्रांतीय संग्रहालयात गेले. अहिच्छत्रा येथील उत्खननात निघालेल्या मृण्मूर्तींचे वर्गीकरण त्यांनी केले, आणि तो प्रबंध पुरातत्त्व विभागाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९४६ साली ते दिल्लीस आले. लंडनच्या भारतीय कलाप्रदर्शनाहून परतलेल्या वस्तू दिल्लीत मांडल्या गेल्या, आणि त्यांतूनच १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रीय संग्रहालय साकारले. त्या उभारणीच्या काळात अग्रवाल तेथे कार्यरत होते. १९५१ साली ते काशी हिंदू विश्वविद्यालयात कला व वास्तुशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्याच वर्षी पाटण्यास बिहार राष्ट्रभाषा परिषदेच्या विद्यमाने त्यांनी बाणभट्टाच्या हर्षचरितावर व्याख्याने दिली. संग्रहालयातील वीस वर्षांच्या वास्तव्याचे फलित या व्याख्यानांत प्रकट झाले. बाणाची प्रदीर्घ समासयुक्त वर्णने हा टीकाकारांनी शब्दपांडित्याचा विलास मानलेला भाग. अग्रवालांनी तो प्रत्यक्ष पाहिलेल्या जगाचा आलेख म्हणून वाचला. राजांच्या वेषवर्णनात येणारा स्तवरक हा शब्द घ्या. कोशातील अर्थाने त्याचा उलगडा होत नव्हता. ते मोत्यांनी मढविलेले, इराणी परंपरेतील भारी वस्त्र होय असे त्यांनी दाखविले, आणि त्याचे रूप अहिच्छत्राच्या मृण्मूर्तींच्या अंगावर दर्शविले. चीनचोलक या शब्दाचा अर्थ मथुरेच्या संग्रहालयातील कनिष्काच्या शिरोहीन पुतळ्याच्या पायघोळ बाह्य अंगरख्याने उजळला. १९५३ साली ही व्याख्याने सचित्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वाचकाला पानापानांतून जणू दालनेच हिंडवून आणणारा हा ग्रंथ आहे. त्याच वर्षी पाणिनिकालीन भारतावरील त्यांचा प्रबंधही ग्रंथरूपाने बाहेर आला.

या पद्धतीवर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. कनिष्काचा पुतळा आणि बाणाचा ग्रंथ यांच्यात सुमारे पाच शतकांचे अंतर आहे. एवढ्या अवधीत वस्त्राचे नाव तेच राहून वस्त्र बदलले असेल, किंवा वस्त्र तेच राहून नाव बदलले असेल. शिल्पातील वस्त्र हे शिल्पकाराच्या संकेतांतून गाळून आलेले असते, हेही विसरता येत नाही. अग्रवालांचे काही निष्कर्ष म्हणूनच पुनर्विचारास पात्र ठरतात. उत्तरायुष्यात त्यांनी मांडलेले वैदिक प्रतीकार्थ तर सर्वांनाच पटतील असे नाहीत. तथापि शब्दाला वस्तूची आणि वस्तूला शब्दाची साक्ष मागितली पाहिजे, हा त्यांचा आग्रह या त्रुटींनी बाधित होत नाही. उलट, त्यांची चूक दाखविण्यासाठीही आपल्याला पुन्हा त्याच पुतळ्यापुढे जाऊन उभे राहावे लागते.

हीच दृष्टी त्यांनी लोकभाषेकडेही वळविली. जनपदांतील शेती, हत्यारे, विणकाम यांचे शब्द गोळा करावेत, हा विचार त्यांनी ‘पृथिवीपुत्र’मधील निबंधांतून मांडला. जायसीच्या पदुमावतीवरील त्यांची ‘संजीवनी’ व्याख्या या शब्दसंपत्तीवरच उभी आहे. तिला १९५६ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचे डॉ. मोतीचंद्र यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेली ‘चतुर्भाणी’ १९५९ साली मुंबईतच प्रसिद्ध झाली. संग्रहालयाशी निगडित दोन पंडितांनी प्राचीन नगरजीवनाची चार एकपात्री रूपके उलगडावीत, यात योगायोगाचा भाग थोडाच होता.

१९६६ साली अग्रवालांचे निधन झाले. भारतीय साहित्यांचे तौलनिक अध्ययन आज बव्हंशी ग्रंथाकडून ग्रंथाकडे जाते. संस्कृत, अवधी, व्रज या भाषा निरनिराळ्या विभागांत वाटल्या गेल्या आणि शिल्पे आणखी निराळ्या विभागाकडे गेली. अग्रवालांना ही सर्व दालने आतून एकमेकांत उघडणारी दिसत होती. त्यांचे चरित्र साहित्याच्या अभ्यासकाला जर काही सांगत असेल, तर ते हेच की त्याच्या कोशातील कित्येक अनुत्तरित शब्दांची उत्तरे संग्रहालयात उभी आहेत, आणि ती मिळाल्यावर श्रोत्यांना त्यांच्या भाषेत सांगणे हाही संशोधनाचाच भाग आहे.