परवाना क्रमांक 1 : जे. आर. डी. टाटा

मागच्या बैठकीत मंडळात एक वेगळाच विषय निघाला. सौंसरच्या आपल्या एका मुलाला विमानातून पॅराशूटने उडी मारायला शिकायचे आहे आणि त्याचा रीतसर परवानाही घ्यायचा आहे. आई रडवेली झाली, वडील गप्प राहिले, आणि आम्हा ज्येष्ठ मंडळींत दोन तट पडले. कोणी म्हणाले, हे श्रीमंतांचे शौक. कोणी म्हणाले, जाऊ द्या, शिकू द्या. त्या चर्चेत आम्हाला एका माणसाची आठवण झाली, ती इथे सांगतो.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. टाटांचे नाव आपल्या कापूस पिकवणाऱ्या भागाला नवीन नाही. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केली होती. लहानपणी सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या समुद्रकाठी हार्डलो या गावी जाई. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ तिथले शेजारी. त्यांचे वैमानिक पेगू तिथल्या वाळूवर विमान उतरवीत. याच पेगूंनी 1913 साली उडते विमान सोडून पॅराशूटने उडी घेतली होती. अशी माणसे डोळ्यांसमोर असली की मुलाच्या मनात काय रुजते, ते वेगळे सांगायला नको. पंधराव्या वर्षी जे. आर. डीं.नी विमानात पहिली फेरी मारली.

पण हौस वेगळी आणि परवाना वेगळा. त्यासाठी त्यांना मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होईपर्यंत थांबावे लागले. प्रशिक्षकासोबत जेमतेम साडेतीन तास उडून झाल्यावर त्यांनी एकट्याने विमान नेले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिलाच परवाना, म्हणून त्यावर क्रमांक होता 1.

त्याच वर्षी आगाखानांनी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस ठेवले. पुढच्या वर्षी जे. आर. डी. कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. अस्पी काही तास आधी पोहोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. हाच मुलगा पुढे भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डीं.नी पस मॉथ या छोट्या विमानातून टपालाच्या थैल्या कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आणल्या. अहमदाबादेत विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. जुहूला पक्की धावपट्टी नव्हती. पावसाळ्यात तिथे चिखल होई, म्हणून विमाने पुण्याहून चालवावी लागत. सरकारचे अनुदान नव्हते. तरी पहिल्या पूर्ण वर्षात 155 प्रवासी आणि सुमारे 60 हजार रुपये नफा! आम्ही बँकेत आयुष्य घालवलेले. एवढ्या लहान भांडवलावर असा ताळेबंद काय कष्टाने उभा राहतो, ते आम्हाला कळते.

आता आपल्या जवळची गोष्ट. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला येत, टपालाची अदलाबदल करत आणि परत जात. तेव्हा आपला छिंदवाडा जिल्हाही नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. या योजनेला जे. आर. डीं.चा विरोध होता. रात्री विमान उतरवण्याच्या सोयी पुरेशा नाहीत, असे त्यांचे मत होते. सेवा दुसऱ्या कंपन्यांनी चालवली आणि ती चाललीही. पण विचार करा, समुद्र आणि वाळवंट एकट्याने पार केलेला माणूस इथे थांबा म्हणत होता. धोका कुठे पत्करायचा आणि कुठे नाही, याचा त्यांचा हिशेब वेगळा होता.

एअर इंडियाचे अध्यक्षपद ते 1978 पर्यंत सांभाळत होते. 1982 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून पुन्हा केले. 1992 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

आता आपल्या मुलाविषयी. अमेरिकेतील संस्थेच्या पहिल्या पायरीच्या परवान्यालाही किमान 25 उड्या लागतात, आणि पाठीवर मुख्य पॅराशूटसोबत एक राखीव पॅराशूट असतेच. म्हणजे ही एका दिवसाची मर्दुमकी नाही. आईवडिलांनी सरळ नको म्हणण्याआधी इतकेच विचारावे : शिकवणारा कोण, त्याचा स्वतःचा परवाना कोणता, पॅराशूटची घडी कोण घालतो आणि कोण तपासतो. मुलाकडे या प्रश्नांची उत्तरे असतील, तर त्याला अडवू नये, असे आम्हाला वाटते. पुढच्या बैठकीत त्याने ती सर्वांसमोर सांगावीत. ऐकायला आम्ही येऊच.